340 रुपयांचं भरीत

पूर्वी सावकाराकडे अंगठा दिला की माणूस बुडायचा, आता व्हॉट्सॲप ग्रुपवर दिला तरी बुडतो. डिसेंबरात थंडी पडली, कुणीतरी ग्रुपवर वांग्याचा फोटो टाकला, अर्ध्या तासात भरीत पार्टीसाठी मळा ठरला, रविवार ठरला, आणि शेवटी मेसेज आला, "सध्या तू देऊन टाक भो, नंतर वाटून घेऊ." मी अंगठा टाकला. झालं.

मळा जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात, फैजपूरच्या अलीकडे. वांगी मात्र हट्टानं बामणोदकडचीच पाहिजेत, ती हिरवी, पांढरट रेघांची, एकेक अर्ध्या किलोचं आणि बिया कमी. जांभळी वांगी घेऊन गेलो असतो तर मलाच काड्यांवर ठेवलं असतं. बाजारात एका आजीबाईंकडे माल चांगला दिसला, 60 रुपये किलो, बारा किलो घेतली. आजीबाईंच्या वजनकाट्याला सुतळीनं क्यूआर कोड बांधलेला, त्यावर चिखलाचा बोटभर पट्टा, दोनदा शर्टानं पुसला तेव्हा कुठे स्कॅन झाला. आजी म्हणे, "पैसे माह्या नातवाले जातात भाऊ, मले फक्त तो डबा बोंबलतो ते ऐकू येतं." डबा बोंबलला, 720 रुपये. तेव्हाच मनात आलं की असा डबा आपल्या घरी पाहिजे होता, म्हणजे निदान पैसे आले नाहीत हे तरी शांततेत कळलं असतं.

पार्टीबद्दल माझी काहीएक तक्रार नाही, हे आधीच सांगतो. कपाशीच्या काड्या पेटवल्या, वांग्यांना टोचे मारून वर रचली, साल काळी पडून आतून वाफ शिट्टीसारखी निघायला लागली. मग सोलून लाकडी बडगीत भाजलेली मिरची आणि लसूण घालून ठेचायचं, वरून कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, आणि तेल किती ते विचारायचं नाही. सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या. त्या दिवशी कुणाच्याही तोंडातून "बास" हा शब्द निघाला नाही, मी कान देऊन ऐकत होतो कारण दुसऱ्यांदा तेल आणायला मीच गेलो होतो.

आता हिशोब. स्वयंपाकाच्या मावशींचे 1500, जिलेबीचे 500, बाकी तेल-पीठ-पात-पत्रावळी धरून सगळे मिळून 4760. माणसं चौदा. म्हणजे डोक्यामागे बरोबर 340, पैशाचा फरक नाही. इतका सुंदर भागाकार माझ्या आयुष्यात दहावीनंतर पहिल्यांदा आला, म्हणून मी खुशीत एक्सेल शीट बनवली आणि क्यूआरसकट ग्रुपवर टाकली.

सहा जणांनी रात्रीच टाकले, देव त्यांचं भलं करो. बाकीच्या सात जणांनी शीटवर हात जोडलेले इमोजी टाकले.

एकानं 300 पाठवले आणि वर लिहिलं "राउंड फिगर". एक म्हणे मी जिलेबी खाल्ली नाही, मला शुगर आहे, माझे कमी कर. (खाल्ली होती. चार. पाठमोरा उभा राहून.) एकाचं म्हणणं त्यानं घरून तेलाची बाटली आणली होती ती हिशोबात नाही, आता ती बाटली त्यानं आणली हे खरं पण तीच बाटली न फोडता परत घेऊन गेला हेही खरं. आणि आमचा पुण्यातला आयटीवाला, जो खास भरतासाठी रातोरात बसनं आला, तो मला रोज सकाळी एसआयपीचे रील पाठवतो, चक्रवाढ व्याजानं माणूस कसा करोडपती होतो त्याचे. मी एकदा विचारलं की 340 ला चक्रवाढ लावली तर आजपर्यंत किती झाले. निळ्या टिक आल्या, उत्तर नाही.

सगळ्यात नमुना म्हणजे आमचा शाळेपासूनचा मित्र, वर्गात माझ्याच बाकावर बसायचा. त्यानं 1 रुपया पाठवला. लगेच फोन, "आला का पाय बरं." म्हणलं आला. "हां, मंग बरोबर नंबर आहे, बाकीचे टाकतो." हे सोमवारी. गुरुवारी विचारलं तर म्हणे पिन विसरलो. मी म्हणलं अरे यूपीआय लाइट चालू कर ना, त्यात एका वेळी 1000 पर्यंत पिनच लागत नाही. तर म्हणे, "लाइट? आमच्या मळ्यात लाइट रात्री अकराले येते, तवा मी मोटर चालू करू का तुले पैसे पाठवू?"

आधी निदान आपल्याकडून पैशाची रिक्वेस्ट पाठवता यायची, समोरच्याला फक्त पिन टाकायचा. पण त्याच रस्त्यानं फसवणूक फार व्हायला लागली म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं 1 ऑक्टोबर 2025 पासून माणसानं माणसाला अशी रिक्वेस्ट पाठवणं बंदच केलं. चांगलंच केलं, पण चोरांसोबत माझ्यासारख्या भरीतवाल्याचंही हत्यार गेलं. आता तोंडानं मागायचं, आणि तोंडानं मागता आलं असतं तर मी अंगठा टाकलाच कशाला असता.

वडील हे सगळं झोपाळ्यावरून ऐकत होते. त्यांच्या काळी म्हणे मळ्याच्या फाटकाशीच टोपी फिरायची, आधी टोपीत पैसे मग ताटात भरीत. "1936 साली इथं फैजपूरले काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यातलं पह्यलं. एवढ्या गर्दीचाही हिशोब कोणीतरी ठेवलाच असंन ना? तुम्हाले चौदा डोके आवरत नाही." बायको म्हणाली जाऊ द्या हो, 340 रुपयांसाठी काय मैत्री तोडता. हे कोण बोलतंय, तर जिच्या भिशीत वीस बायका आहेत, दर महिन्याच्या पाच तारखेला रोख, ना शीट ना क्यूआर, आणि आजवर एकीनंही एक दिवस उशीर केला नाही. मी कारण विचारलं. म्हणाली, "उशीर केला तर आम्ही तिच्या घरी चहाला जातो. सगळ्या."

राहिले जिभाऊ, वयानं मोठे, मळा त्यांचाच. त्यांच्याकडून घ्यायचेच नव्हते खरं तर, पण शीटमध्ये नाव गेलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं. 500 ची नोट घेऊन घरी आले, 160 परत मागितले. माझ्या घरात रोख म्हणून फक्त देवासमोरचे अकरा रुपये. नोट खिशात घालून गेले, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोतून केळीचा अख्खा घड उतरवला. मोप वीस किलोचा असेल. आता याचे पैसे मी त्यांना द्यायचे का त्यांचे फिटले, शीटमध्ये काय लिहू? शेवटी रकमेच्या रकान्यात "केळी" लिहिलं, तर खालची बेरीजच येईना.

केळीचा घड घरात असणं म्हणजे काय ते आमच्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. तीन दिवस दगडासारखा हिरवा आणि चौथ्या दिवशी सगळा एकदम पिवळा. बायकोनं डझन-डझनाच्या पिशव्या केल्या आणि ओळखीच्यांकडे वाटायला मलाच पाठवलं, त्यात ते राउंड फिगरवालेही आले, ते शुगरवालेही आले. तुम्हाला केळी चालत नसतील ना, असं मी शुगरवाल्याला दारात विचारलं. म्हणे, ठेव, पोरं खातात.

बाकावरच्या मित्राकडे शेवटी गेलो. घरी नव्हता, वहिनींनी चहा पाजला, पिशवी घेतली, मी पैशाचं काही बोललो नाही. रात्री अकरा वाजता, म्हणजे त्यांची लाइट येते त्या वेळेला, फोन वाजला.

1 रुपया जमा.

पाठोपाठ त्याचा मेसेज, "केळी लय गोड होती भो. आला का पाय."

मी उठून लॅपटॉप उघडला आणि त्याच्या नावापुढे लिहिलं, बाकी 338.