कोणच्या दवाखान्यात नीट झाली?

परवा दुकानाचं शटर वर केलं अन् गल्लीतल्या वैनी समोर उभ्या. हातात मोबाईल. पॅरिसच्या पॅरालिम्पिकचा तो व्हिडिओ परत फिरायला लागलाय, धावपटू प्रीती पालचा. दोनदा लावून दाखवला अन् म्हणल्या, "भाऊजी, ही पोरगी कोणच्या दवाखान्यात नीट झाली वो?"

मी सेलूत पीकविम्याचे, आधारचे, दिव्यांगांच्या युडीआयडी कार्डाचे फॉर्म भरून देतो. तिच्यासारखी सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेनं हातपाय ताठ राहतात ती) मलाही आहे, दोन्ही पायांत. वैनींच्या बारा वर्षांच्या लेकराला चारी हातापायांत. त्यामुळं असले प्रश्न डॉक्टरच्या आधी माझ्या काउंटरवर येतात. त्या दिवशी मला धड उत्तर सुचलं नाही. आता लिहितो.

वैनी, ती नीट झालेलीच नाही. 2024 च्या पॅरालिम्पिकमध्ये तिनं 100 मीटर 14.21 सेकंदांत अन् 200 मीटर 30.01 सेकंदांत पळून दोन कांस्यपदकं आणली, ती टी 35 गटात. 31 ते 38 हे गटच मुळी असल्या हातापायांसाठी आहेत, 34 पर्यंत खुर्चीवरून अन् 35 पासून पुढं पायांवर. नीट झाली असती तर तिला त्या रेषेवर कुणी उभंसुद्धा करून घेतलं नसतं. तरी आपल्या पोस्टीत "अपंगत्वावर मात" हे ठरलेलंच. पाय तेच, ताठपणा तोच, अन् मात कुणावर केली म्हणे?

ह्या "नीट होण्या"नं माझं किती वाटोळं केलं ते सांगतो. इजा मेंदूत असते. पोटात असताना, बाळंतपणात किंवा जन्मल्यावर झालेली. ती वाढत नाही, भरूनही येत नाही. पण लेकरू वाढतं ना! हाड भराभर लांब होतं, ताठ स्नायू मागं राहतो, टाच वर ओढली जाते. व्यायाम, स्प्लिंट, ऑपरेशन, सगळा खटाटोप ह्या ओढाताणीसाठी. आठ वर्षांचा असताना माझी टाचेमागची शीर लांब केली. प्लास्टर निघाल्यावर घरी आलो, तर आईनं नुकतंच अंगण सारवलेलं. ओल्या शेणावर माझ्या पावलाचा पहिल्यांदा अख्खा ठसा उठला, टाचेसकट. आई त्याच्याशेजारी बसून रडली. दोन दिवस तिथं कुणाला पाय ठेवू दिला नाही.

मग आप्पा म्हणले, झालं, पोरगं नीट झालं. स्प्लिंट माळ्यावर गेली. त्यात कापसाची वेचणी. रोज पाय ताणत बसायला रिकामं कोण होतं? चौदाव्या वर्षी टाच परत वर. आजही माझ्या उजव्या बुटाचा चवडा आधी झिजतो. स्टँडसमोरचे मामा टायरचा तुकडा ठोकून देतात अन् एकाच बुटाचे पैसे घेतात. आप्पांना दोष देत नाही. ऑपरेशननंतरचं काम घरी करायचं असतं हे त्यांना कुणी समजावून सांगितलंच नव्हतं.

आता बोटॉक्सच्या इंजेक्शनचंही तसंच चाललंय. स्नायू सैल पडतो, पण तीन-चार महिनेच. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर इंजेक्शन म्हणजे वाफसा. पेरलंच नाही तर वाफशाचं काय करता? अन् स्टेम सेलनं लेकरू चालायला लागेल म्हणून कुणी लाखांचा आकडा सांगितला, तर वावर विकायच्या आधी थांबा. आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था, तिच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत सेरेब्रल पाल्सीसाठी तो मान्य उपचार नाही.

खेळाचंही थोडं ऐका. एका 3 डिसेंबरला, दिव्यांग दिनाच्या शर्यतीत, मीही पळालोय. "अस्थिव्यंग" म्हणून सगळे एकाच रेषेवर. माझ्या बाजूच्याचा एक हात बारीक, पाय मात्र सशाचे. शिट्टी वाजली अन् मी जागीच लाकूड. एकदम आवाज झाला की आमचं अंग असंच आवळतं. तो पोचून पाणी प्यायला तेव्हा मी अर्ध्यात होतो. मला स्टीलचा डबा अन् जिद्दीचं प्रमाणपत्र मिळालं. माझ्यासारखे चौघं हुडकून वेगळं पळवलं असतं तर निदान तिसरा तरी आलो असतो. (डबा चांगला आहे, अजून वापरतो.)

वैनींच्या पोराला पळायचं नाहीच. त्याच्यासाठी बोचिया हा बसून खेळायचा चेंडूंचा खेळ आहे, 1984 पासून पॅरालिम्पिकमध्ये. पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपला चेंडू न्यायचा. ज्याला फेकता येत नाही त्याला उतरती पन्हाळ मिळते. ती धरायला माणूस मिळतो, पण डाव चालू असताना त्यानं मैदानाकडं पाठ करून बसायचं. मागं वळून बघायचं नाही. नेम खेळणाऱ्याचाच.

रविवारी आम्ही शेतातला चार इंची पाइप उभा चिरला. रेक्झिनच्या गोळ्यांत ज्वारी भरून शिवली. वैनींना पाठ करून बसवलं तर म्हणल्या, "बारा वर्षं ह्याच्यावरली नजर काढली न्हाई मी, भाऊजी."

पोरानं डोळ्यानं डावीकडं दाखवलं. वैनींनी पाइप सरकवला. अजून, म्हणून मान हलवली. मग मनगटानं चेंडू ढकलला. पहिला तुळशीत गेला. दुसऱ्याचा टप्पकन आवाज आला.

"लागला का रं?" वैनींनी तिकडं तोंड करूनच विचारलं.

पोरगं खिदळत होतं, काही केल्या सांगंना.