नायिका नारायण पेठेत राहते म्हणे

दिवाळी अंकांचे दिवस जवळ आले की ओळखीपाळखीतले लोक मला कथा पाठवतात, जरा नजर टाक गं म्हणून, आणि हल्ली त्यातल्या बऱ्याचशा पुण्यात घडतात. पुण्यात घडतात म्हणजे काय, तर पहिल्या पानावर नायक वैशालीत डोसा खातो, मग एफसी रोडवरून चालतो, मध्येच एक खवचट पाटी येते, दुकान एक ते चार बंद असतं, कुणीतरी बाकरवडी आणतं. झालं पुणं. ही कथा उचलून नाशिकच्या कॉलेज रोडवर नेऊन ठेवा, डोशाची मिसळ करा, बाकी एक वाक्य बदलावं लागत नाही.

मला हे खटकतं, आणि ते पुण्याच्या अभिमानापोटी नाही (तो आहेच, पण तो वेगळा विषय). खटकतं कारण जागेकडून काही कामच करून घेतलेलं नसतं. माझ्या मते कथेतली जागा ठरवते की पात्राला काय करता येईल आणि काय बापजन्मात करता येणार नाही. कोण कुणाला एकटं भेटू शकतं, काय लपून राहतं, कुठली बातमी किती वेळात कुठपर्यंत पोचते, भांडण झालं तर दार आपटून जायला दुसरी खोली आहे का. एवढं नीट ठरवलं तर निम्मं कथानक तिथेच तयार होतं, आणि नाही ठरवलं तर कितीही सुंदर लिहा, वाचणारीला कुठेतरी खोटं वाटत राहतं.

यंदाच आलेली एक कथा सांगते. काळ १९५० च्या आसपासचा, नारायण पेठेतला वाडा, खाली तीन बिऱ्हाडं, वर दोन. नायिकेचा नवरा वर्षभर मुंबईला नोकरीवर, ही सासरी, आणि हिला दिवस जातात. भाषा छान, तुळशीवृंदावन छान, कोनाड्यातल्या पणतीवर तर दोन परिच्छेद. आणि पाच महिने वाड्यात कुणालाही पत्ता लागत नाही.

अहो, कसं शक्य आहे?

त्या काळच्या त्या घरात बाई दर महिन्याला तीन दिवस बाहेरची बसायची. वेगळी चटई, वेगळं तांब्याभांडं, पाणी वरून ओतायचं, चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाण. पोरांना सांगायचे काकूला कावळा शिवलाय, लांब राहा. म्हणजे कुठल्या सुनेची पाळी कधी हे अख्ख्या वाड्याला तिथीसकट माहीत, लहान पोरांनासुद्धा. ती एक महिना बसली नाही की सासूने तोंड उघडायच्या आधी समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंची बोटं मोजून झालेली असणार. त्यात सकाळी मोरीवरचे उमासे, भिंती कसल्या, चार फळ्यांचं पार्टिशन. पाच महिने सोडा, पाच आठवडे अवघड आहे.

आणि गंमत म्हणजे खरी कथा नेमकी इथेच पडलीये. तिला लपवायचंच असेल तर तिने खोटं खोटं बाहेर बसायला हवं. दर महिन्याला, तिथी सांभाळून, तीन दिवस कोपऱ्यात, पोटात मूल घेऊन. धुवायच्या कापडांचं काय करणार? चौथ्या दिवशी गार पाण्याने न्हायला लागलं तर? जाऊ लांबून ताट सरकवणार आणि क्षणभर हिच्याकडे बघणार, तिच्या लक्षात येईल का, आलं तर ती बोलेल का, की गप्प बसून पुढे आयुष्यभर काहीतरी वसूल करत राहील? बघा, मी काही लेखिका नाही, नुसता वाड्याचा नियम पाळला तर इतकं सुचतंय, आणि कथेत काय तर पणती.

मी स्वतः लहानपणी वाड्यात राहिलेय, त्यामुळे वाड्याच्या त्या गोड गोड आठवणी वाचल्या की मला आधी चौकातला नळ आठवतो. पाणी पहाटे यायचं, कळश्यांची रांग आदल्या रात्रीच लागलेली, आणि कुणाची कळशी कुणी पुढे सरकवली यावरून दोन बिऱ्हाडांचं बोलणं बंद. सकाळी टमरेल घेऊन चौक ओलांडणारा माणूस कितवी खेप घालतोय हे वरच्या सज्जातून दिसायचं आणि दुपारपर्यंत त्याच्या पोटावर तीन घरांतून औषधं सुचवली जायची. तिथे एकटेपणाची कथा लिहायची असेल तर वेगळ्या प्रकारचा एकटेपणा शोधावा लागेल, सगळ्यांच्या मधे बसलेल्या माणसाचा.

आता उलटं बघा. बाणेर-वाकडकडची सोसायटी, बाविसावा मजला. इथे शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाचं नाव माहीत नसतं, पण गेटला सगळं माहीत असतं. एका कथेत जुना प्रियकर रात्री अचानक दारात उभा राहतो, चिंब भिजलेला. कसा उभा राहील? वॉचमन त्याला खालीच थांबवणार, फ्लॅट नंबर विचारणार, त्याचा फोटो काढणार, ॲपवर रिक्वेस्ट टाकणार, आणि ॲपवर घरातल्या सगळ्यांचे नंबर टाकलेले असले की ती रिक्वेस्ट बंगलोरला मीटिंगमध्ये बसलेल्या नवऱ्याच्या फोनवर पण वाजणार. त्याला वाटणार कुरिअर आहे, तो फोटोकडे न बघताच अप्रूव्ह करून मोकळा. आता हे दाराशी उभं राहण्यापेक्षा किती भारी आहे! नवऱ्यानेच आत सोडलाय त्याला, आणि फोटो, वेळ, सगळं ॲपमध्ये पडून आहे, कधीही वर स्क्रोल केलं की दिसेल.

आणि ते चिंब भिजणं. पुण्यातले लेखक मुंबईचा पाऊस लिहितात हे माझं जुनं रडगाणं आहे. पुण्याला वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तासाभराच्या अंतरावरच्या लोणावळ्याला ४००० च्या वर. आपल्याकडे बरेच दिवस नुसती भुरभुर असते, रेनकोट घालू की नको अशी. ढगफुटीसारखा एखादा दिवस येतो, नाही असं नाही, पण मग त्या दिवशी सिंहगड रोडला पाणी भरतं, गाड्या वाहतात, आणि प्रियकर वाकडला पोचतच नाही.

काळ हा पण जागेचाच भाग आहे हे बरेच जण विसरतात. नारायण पेठेतली १९६० मधली कथा आणि १९६२ मधली कथा एकसारखी असूच शकत नाही, कारण मध्ये १२ जुलै १९६१ आहे. पानशेत धरण फुटलं, त्याच्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही फुटलं, नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं आणि मातीचे वाडेच्या वाडे बसले. लोक पुराच्या पाण्याबद्दल लिहितात, पण मला त्याच्या नंतरचे दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात. शहराला पाणी देणारं धरणच गेलं होतं, म्हणजे घरात कंबरभर गाळ आणि नळाला थेंब नाही. पिढ्यान् पिढ्या एका चौकात राहिलेली बिऱ्हाडं उठून गोखलेनगरसारख्या पूरग्रस्त वसाहतींत गेली, ज्या काकू बोटं मोजायच्या त्या आता दुसऱ्या टोकाला. ज्या सुनेला उभ्या आयुष्यात चार भिंतींच्या आत एकटं बसायला मिळालं नाही तिला सरकारी एक खोली मिळाली आणि सासू दुसऱ्या दिराकडे गेली, तर तिच्यासाठी तो पूर नुसती आपत्ती होता का? हे लिहायला धाडस लागेल, पण जागेने दिलेला प्रश्न आहे तो.

मोठ्या लेखकांनी हे कसं केलंय ते बघायचं असेल तर पुण्यासाठी मी भालचंद्र नेमाड्यांची १९६३ ची 'कोसला' काढते. त्यात पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून इथे शिकायला येतो, आणि पर्यटकांचं पुणं त्याच्या वाट्याला येतच नाही. त्याचं पुणं म्हणजे होस्टेल, मेसचे हिशोब, बापाचे पैसे, रात्रीची भटकंती. बहीण मनी गावाकडे देवीच्या रोगाने जाते आणि हा इथे असतो, ते अंतर कादंबरीभर पुरतं. तो पुण्यातल्याच घरात राहणारा मुलगा असता, संध्याकाळी आईच्या हातचं जेवणारा, तर ही कादंबरी झालीच नसती. आणि व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) तर विचारूच नका. माणदेशातली धनगरांची वस्ती, नवखा मास्तर, शाळा भरते, तालीम उभी राहते, आणि मग दुष्काळ पडतो आणि वस्ती मेंढरं घेऊन उठून जाते. त्या गोष्टीचा शेवट माणसांच्या हातात नाहीये, पावसाच्या हातात आहे, आणि वाचताना तो लेखकाने ओढूनताणून आणलाय असं एकदाही वाटत नाही कारण पहिल्या पानापासून आपण त्या कोरड्या मुलखात चालत असतो.

यावर हमखास उत्तर येतं की चांगली कथा कुठेही घडू शकते, माणसाचं मन सगळीकडे सारखंच. मन सारखं असेल हो, पण मनातलं बाहेर काढायला संधी सारखी नसते. मुद्दाम बिननावाच्या गावात घडवलेल्या गोष्टी मलाही आवडतात, पण तिथेही त्या गावाचे कायदे लेखकाला पक्के माहीत असतात, कुठल्या गल्लीतून जायचं नाही हे सुद्धा. आपल्याकडे नाव असतं आणि कायदेच नसतात.

मग पुण्यात आज काय लिहिण्यासारखं आहे? वाडे मोप झाले, तेही पश्चिमेकडच्याच पेठांतले. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या गाळ्यामागे पण माणसं राहतात आणि त्यांच्या घरातही सासवा आहेत. हिंजवडीची रात्रीची कॅब घ्या. तीन-चार जण, रोज पहाटे त्याच गाडीत, एकमेकांची गेटं पाठ, आडनावं माहीत नाहीत. बऱ्याच कंपन्यांचा नियम असतो की बाई शेवटची उतरायला नको, नाहीतर गार्ड बरोबर हवा, म्हणजे कोण कुणाबरोबर गाडीत किती वेळ एकटं असणार हे ट्रान्सपोर्ट डेस्कवरचा कुणीतरी मुलगा एक्सेल शीटमध्ये ठरवतो. त्या मुलाने एक दिवस रूट बदलला तर? किंवा भोसरीतली कॉट बेसिसची खोली. एकाच कॉटवर फर्स्ट शिफ्टवाला रात्री झोपतो, नाइटवाला दिवसा, दोघं एकमेकांना जेमतेम जिन्यात भेटतात, पण एकाच्या उशीला दुसऱ्याच्या तेलाचा वास. याला कुठे कोनाडा लागतो, कुठे पणती?

मला सगळ्यात जास्त वाचायचीय ती मार्केट यार्डातली कथा. पहाटेचे ट्रक, हमाल, तोलणार, आडत्याचा गाळा, आणि भाव कोसळल्यावर परतीच्या भाड्याचा हिशोब करणारा गावाकडचा माणूस, त्याला सकाळी नऊच्या आत काय तो निर्णय घ्यायचाय कारण नंतर माल उचलायला कोणी नाही. कुणी लिहिली असेल तर सांगा, मी विकत घेऊन वाचते, पीडीएफ नको.