सहा सूत

बाथरूम फोडायचं आम्ही ठरवलंच नव्हतं. ते खालच्या मजल्यावरच्या काकांनी ठरवलं.

काकांच्या हॉलच्या छताला, आमच्या बाथरूमच्या बरोबर खाली, एक डाग पडला. सुरुवातीला बशीएवढा होता, गणपतीपर्यंत ताटाएवढा झाला आणि दिवाळीला काकांनी फराळाला बोलावून तो सगळ्या विंगला दाखवला. आमच्याकडे चकली उचलायच्या आधी लोक चकलीचं कौतुक करतात. काकांकडे आधी मान वर करून डाग बघायचा आणि ‘अरेरे’ म्हणायचं, मग चकली. मीही ‘अरेरे’ म्हटलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

आमची इमारत डोंबिवली पूर्वेची, १९८६ सालची. सहकारी सोसायटीच्या उपविधींमध्ये असं आहे की गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून पाणी गळलं तर खर्च सोसायटीचा, घराच्या आतून गळलं तर सभासदाचा. आमच्या सेक्रेटरींना अख्ख्या उपविधींमधली ही एवढीच ओळ पाठ आहे, पण ती खणखणीत पाठ आहे. गळती आतलीच हे सिद्ध करायला त्यांनी आमच्या बाथरूमच्या जाळीत लाल रंग कालवलेलं बादलीभर पाणी ओतलं. दोन दिवसांनी सकाळी खालून काकांचा आवाज आला, “गुलाबी! गुलाबी आलं!” नातू झाल्यावरसुद्धा काका इतक्या आनंदाने ओरडले नव्हते.

मग सल्ले सुरू झाले. आमच्याकडे हक्काचे सल्लागार म्हणजे नणंदेचे यजमान. भावोजी सिव्हिल इंजिनिअर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. जन्मभर त्यांनी पाणी अडवण्याचं काम केलं आणि आम्हाला ते घालवायचं होतं, पण हा तपशील घरात कोणी काढला नाही. ते मोजपट्टी, वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन आले आणि काम संपेपर्यंत येतच राहिले.

पहिला ठेकेदार म्हणाला, “वहिनी, फोडायचं कशाला? आहे त्या टाइलवर टाइल मारू. चार दिवसांत मोकळे.” भावोजींनी टाइलची जाडी आणि खालचा चिकटवायचा माल मिळून अर्धा इंच धरला आणि विचारलं, की मग बाथरूमची जमीन बेडरूमपेक्षा वर जाणार, पाणी कुठे जाईल? ठेकेदार म्हणाला, “उंबरा देऊ ना.” दुसऱ्याने सुईने सिमेंटच्या फटींत औषध भरतो म्हणून सांगितलं. तिसरा आत गेला, पायाने दोनदा जमीन ठोकली, बाहेर आला आणि म्हणाला, “सगळं काढावं लागेल, स्लॅबपर्यंत.” त्याचा आकडा सर्वांत मोठा होता. त्यामुळे आमच्या ह्यांना तो प्रामाणिक वाटला.

सोसायटीची परवानगी हा वेगळाच सोहळा असतो. स्टँपपेपरवर हमीपत्र, परत मिळणारी अनामत रक्कम (ती परत मिळालेला सभासद मला अजून भेटलेला नाही), लिफ्टमधून माल न्यायचा नाही, आणि दुपारी दोन ते चार हातोडा बंद. हा शेवटचा नियम काकांच्या झोपेवरून केलेला आहे हे सर्वश्रुत आहे. म्हणजे गळतीने ज्यांची झोप उडाली होती, त्यांच्या झोपेसाठी गळतीचं काम रोज दोन तास थांबायचं.

फोडायला सुरुवात झाली आणि पांढऱ्या टाइलखालून निळी टाइल निघाली. निळीखालून जुनी मोझॅइक. पहिल्या ठेकेदाराचा सल्ला आधीच्या मालकांनी ऐकलेला होता तर! त्याखाली मूळचा कोबा, म्हणजे विटांचे तुकडे जवळजवळ मांडून त्यांच्या फटींत सिमेंटचा माल भरलेला थर. गळती थांबवायला आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या हाच करतात. पण आमच्या कोब्यातल्या विटा हाताने कुस्करत होत्या. बिगारी तीन मजले उतरून गोणी खाली टाकायचा, वर यायचा, पुन्हा भरायचा. एवढ्याशा बाथरूममधून इतकं डबर निघालं की सासूबाई म्हणाल्या, “हे सगळं आपण पायाखाली... म्हणजे काकांच्या डोक्यावर ठेवून राहत होतो?”

ह्या काळात एक वाक्य मला पाठ झालं: “हे काम कोणी केलंय?” गवंडी कोबा बघून म्हणाला. प्लंबरने भिंतीतला जुना जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा पाइप कापला, त्याचं तोंड माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला. पाइप बाहेरून एक इंची होता, आतून गंज चढून चढून भोक इतकं उरलं होतं की माझी करंगळी जाईना. वरच्या शॉवरला धार का येत नाही यावर आम्ही कित्येक वर्षं महापालिकेला बोल लावत होतो. इलेक्ट्रिशियनने गीझरची वायर उघडली आणि काही न बोलता फक्त डोक्याला हात लावला. त्याचा अर्थही तोच. दुसऱ्या दिवशी नवा प्लंबर आला आणि पहिल्या प्लंबरचा सांधा बघून त्यानेही तेच विचारलं. मी म्हटलं, “काल केलंय.”

मग स्लॅब साफ करून, त्यावर प्लास्टर आणि पाणीरोधक लेप देऊन, जाळीला बोळा मारून बाथरूममध्ये घोटाभर पाणी भरून ठेवलं. हे दोन-तीन दिवस तसंच ठेवतात आणि खालून बघतात. आमच्याकडे खालून बघायला स्वयंसेवक होता. काकांनी डागाखाली खुर्ची टाकली, चहा तिथेच, पेपर तिथेच. मधूनमधून फोन, “वहिनी, अजून तरी काही नाही.” आवाजात थोडी निराशा होती. ह्या दिवसांत आमच्या आंघोळी कुठे झाल्या हे विचारू नका. समोरच्या वैनींनी अतिशय प्रेमाने बाथरूम दिलं आणि तितक्याच प्रेमाने गीझरचं बटन बंद केलंत ना हे रोज विचारलं.

पाणी टिकलं. नवा कोबा पडला. आणि मग आली खरी परीक्षा, ढाळ.

ढाळ म्हणजे जमिनीचा उतार, पाणी जाळीकडे जावं म्हणून दिलेला. ऐकायला इतकी साधी गोष्ट, पण ह्यावरून आमच्या घरात जे झालं ते वाटणीवरून झालं नव्हतं. भावोजी म्हणाले, “शंभराला एक.” मिस्त्री जालन्याकडचा, दोरी ताणत होता, मान वर न करता म्हणाला, “सा सूत.” भावोजींनी सूत नाकारलं. इंचाचे आठ सूत, हे मोजमाप त्यांना अशास्त्रीय वाटतं. त्यांनी बाथरूमची लांबी मोजली, सहा फूट. वहीत लिहिलं: ७२ इंच. भागिले शंभर, ०.७२ इंच. मग मिलिमीटर केले, मग पुन्हा इंच केले, आणि चहा निवल्यावर जाहीर केलं, “पाच पूर्णांक शहात्तर शतांश सूत.” मिस्त्री म्हणाला, “तेच की. सा.”

पण प्रश्न टाइलचा होता. मी शोरूममध्ये दोन बाय चारची टाइल पसंत करून आले होते. पांढरी, करड्या शिरा असलेली. इटलीच्या संगमरवराचं हुबेहूब छापील रूप, बनवलेलं गुजरातेत मोरबीला, विकलेलं कल्याण-शीळ रस्त्यावर. विक्रेता म्हणाला होता, “मॅडम, मोठी टाइल म्हणजे सांधे कमी, सांधे कमी म्हणजे गळती कमी.” मला हे पटलं होतं आणि अजूनही पटतं. भिंतीपुरतं. मिस्त्रीने मात्र जमिनीला ती लावायला नकार दिला. मी कारण विचारलं. त्याने टाइलच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, जमिनीवर ठेवला आणि जाळीच्या कोपऱ्याकडे दाबला. समोरचा कोपरा वर उचलला गेला. “दोन बाजूंनी उतार आन् जाळी कोपऱ्यात. पुठ्ठा वाकला, टाइल न्हाई वाकत. तिरपी कापावी लागंल.” इटलीच्या शिरांवर तिरपा काप मला बघवला नसता. शेवटी जमिनीला एक बाय एकची खरखरीत राखाडी टाइल आली, जी सासूबाईंनी पहिल्या दिवशीच सुचवली होती. घसरत नाही म्हणून. त्यांचं तेव्हा कोणी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं नव्हतं हे त्यांनी नीट लक्षात ठेवलं होतं.

माझी भाची आर्किटेक्चर शिकते. ती मला धीर द्यायला आली आणि तिने ल कॉर्ब्युझिएची गोष्ट सांगितली. चंडीगढ ज्याने आखलं तोच. त्याने पॅरिसजवळ पॉसी इथे सावॉय कुटुंबासाठी बंगला बांधला, १९३१ साली पुरा झाला. सपाट छत, लांबलचक खिडक्या, खाली बारीक खांब; अजूनही जगभरचे विद्यार्थी तो बघायला जातात. आणि तो गळायचा! हॉलमध्ये गळायचा, वर जायच्या उतरत्या वाटेवर गळायचा, बाईंच्या न्हाणीघरात वरच्या काचेतून पाणी यायचं. बाई पत्रांवर पत्रं लिहून तक्रारी करत राहिल्या. २०१६ साली युनेस्कोने हा बंगला आणि चंडीगढचं कॅपिटॉल कॉम्प्लेक्स एकाच यादीत जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. भाचीचा मुद्दा असा होता की मावशी, मोठ्यामोठ्यांचं गळतं. मला एवढंच वाटलं, की निकष जर हा असेल तर आमच्या चारही विंगांची नावं यादीत जायला हरकत नाही. आणि सावॉयबाईंना आमचे सेक्रेटरी मिळायला हवे होते. कॉर्ब्युझिएकडून त्यांनी हमीपत्र आधीच लिहून घेतलं असतं.

टाइल बसल्या त्या संध्याकाळी सगळे बाथरूमच्या दाराशी जमले. भावोजींनी पाणसळ ठेवली, बुडबुडा बघितला, वहीत टिपलं. ह्यांनी मोबाइलमधलं उतार मोजायचं अॅप लावलं. त्यात जमीन चढ दाखवत होती, मग कळलं मोबाइल उलटा होता. सासूबाईंनी ह्या सगळ्यांना बाजूला सारलं. त्यांच्या हातात पितळी तांब्या होता.

“सिमेंट ओलं आहे आजी, उद्या...” मिस्त्री म्हणाला.

“थोडंच ओतते.”

त्यांनी दाराशी, अगदी उंबऱ्यालगत पाणी सोडलं. पाणी क्षणभर थांबलं. सगळ्यांनी श्वास रोखला, खाली काकांनीही रोखला असेल. मग ते निघालं, जाळीकडे, छान सरळ रेषेत. निम्म्या वाटेवर त्याला फाटा फुटला. एक धार जाळीत गेली. दुसरी कमोडच्या मागे गेली आणि तिथे बसली.

“तेवढं चालतं,” ठेकेदार म्हणाला. “वायपरने ओढून घ्यायचं.”

“सहा फुटाला शंभरास एक बरोबर आहे,” भावोजी म्हणाले. “अंकगणितात चूक नाही.”

सासूबाई वाकल्या, कमोडच्या मागे बोट घातलं आणि वर करून दाखवलं. बोट पेरभर ओलं होतं. “मी सत्तर वर्षं घरांतल्या फरश्या धुतल्यात. पाणी इथे बसलं की महिन्याभरात शेवाळ, सहा महिन्यांत वास. वायपर घेऊन कमोडमागे कोण शिरणार? तुम्ही येणार का रोज?” ठेकेदार काही बोलला नाही. मिस्त्री खाली बसला, थापीच्या टोकाने त्या कोपऱ्यातल्या दोन टाइला उचकटल्या, खालचा माल खरवडला, नवा घातला, टाइल बसवून मुठीने ठोकली. पाणसळ लावली नाही, डोळा लावला. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी पुन्हा तांब्या आणला. धार एकच निघाली.

त्यानंतर ठेकेदाराने शेवटचा हप्ता मागितला तेव्हा ह्यांनी पैसे काढले नाहीत, “आईला विचारा,” म्हणाले. सासूबाईंनी तीन दिवस वेगवेगळ्या कोपऱ्यांत पाणी ओतून मग होकार दिला. पाटबंधारे खात्यात अशी एक बाई असती तर, असं भावोजी हळूच म्हणाले. पुढचं काही बोलले नाहीत.

काकांच्या छताचा डाग वाळला. वाळला, पण राहिला. रंगारी म्हणाला, तेवढाच भाग रंगवला तर ठिगळ दिसेल, अख्खं छत करा. छत केलं तर भिंती मळक्या दिसणार. भिंती करायच्या तर काकू म्हणाल्या, आधी जमीन करा, नाहीतर रंगावर धूळ बसेल. आणि जमीन फोडायचीच आहे तर आपलंही बाथरूम आता जुनंच झालंय.

परवा काका वर आले. हातात ना-हरकतीचा कागद, शेजाऱ्यांच्या सह्यांसाठी. ह्यांनी पेन उघडलं, पण कागद सासूबाईंनी घेतला. चष्मा लावून पूर्ण वाचला.

“हातोडा दोन ते चार बंद लिहिलंय. मी दीडला पडते.”

काकांनी दोन खोडून दीड केलं.

“ढाळ किती देणार?”

“ते आता... इंजिनिअर बघून सांगतील.”

“इंजिनिअरना नका विचारू. सहा सूत सांगा.” सही झाली. काका जिना उतरायला लागले तशा सासूबाई दारापर्यंत गेल्या. “आणि पैसे द्यायच्या आधी मला बोलवा. तांब्या मी आणते, तुमचे स्टीलचे, त्यांची धार नीट पडत नाही.”