कॅलिफोर्नियाहून आलेलं पाकीट

परवा एक मुलगी आईबरोबर ऑफिसात आली. कुरिअरचं पाकीट टेबलावर ठेवलं. आत कॅलिफोर्नियाच्या कोर्टाचं समन्स. नवऱ्याने घटस्फोटाचा दावा लावलाय, उत्तराला ३० दिवस, त्यातले १९ गेलेले. आई म्हणाली, "वकीलसाहेब, सगळे म्हणतात फाडून टाका, तिकडचा घटस्फोट इकडे चालत नाही."

सगळे म्हणतात ते अर्धंच खरं आहे. वाय. नरसिंह राव खटल्यातलं लग्न तिरुपतीला हिंदू पद्धतीने लागलं होतं. नवऱ्याने अमेरिकेत मिसुरीच्या कोर्टातून घटस्फोट मिळवला आणि इथे येऊन दुसरं लग्न केलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो घटस्फोट मानला नाही. ज्या कायद्याने लग्न झालं, त्याच कायद्यातलं कारण हवं, आणि बायकोने त्या कोर्टाचा अधिकार स्वतःहून मान्य केलेला हवा, असं सांगितलं. समन्सचंही तसंच. परदेशी कोर्टाने थेट टपालाने बजावणी करायला भारताची हरकत आहे. कोर्टाचे कागद परदेशात बजावण्याबद्दलच्या हेग या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे ते दिल्लीला विधी मंत्रालयामार्फत यायला हवं.

पण पाकीट फाडलं तर तिकडे एकतर्फी निकाल लागतो. तो तिथे मोकळा, घर-खात्यांचा फैसलाही तिथेच. ही मात्र इथे कायद्याने अजून त्याचीच बायको. तिने इथे पोटगीचा हुकूम मिळवला तरी वसुली कशातून करायची? पगार तिकडे, आणि एकमेकांचे हुकूमनामे अमलात आणणाऱ्या देशांच्या यादीत (दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ४४अ) अमेरिका नाही.

म्हणून कळकळीने सांगतो, फाडू नका. आणि घाईने साधं उत्तरही धाडू नका, कारण हरकत न घेता हजर झालात तर त्या कोर्टाचा अधिकार तुम्हीच मान्य केल्यासारखं होतं. आधी तिथल्या वकिलामार्फत अधिकारक्षेत्रालाच हरकत घ्या.

मला खरा राग येतो तो दिल्लीचा. इथे लागलेलं लग्न परदेशी कोर्टाने रद्द करू नये, नवऱ्याच्या इथल्या आणि तिथल्या मालमत्तेतून बायकोला पोटगी मिळावी, त्यासाठी देशादेशांत करार व्हावेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच सुचवलं होतं. २०१९ मध्ये अनिवासी भारतीयांच्या लग्नांबद्दल राज्यसभेत आलेलं विधेयक बघितलं तर मुख्यतः लग्नाच्या नोंदणीचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने २८७ व्या अहवालात पुन्हा सर्वंकष कायदा मागितला. तोवर किती मुली अशी पाकिटं घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढल्या असतील!

या मुलीने एक गोष्ट शहाणपणाने केली होती. पाकीट हातात पडलं ती तारीख कोपऱ्यात पेनाने लिहून ठेवली होती. हरकतीचा अर्ज तिथूनच सुरू केला.