‘रॉकवूलच्या पेटीत मांस कडू होते’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

घरी बनवलेल्या स्मोकरवरचा (धुरावर मांस शिजवण्याच्या पेटीवरचा) माझा लेख वाचून आपण जे परखडपणे लिहिलेत, त्याबद्दल प्रथम आभार मानतो. इतर वाचकांसाठी आपल्या म्हणण्याचा सारांश आधी देतो. लेखातील मापांप्रमाणे आपण खानापूर तालुक्यातील जांबोटीला दोन पत्र्यांमध्ये रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) भरलेली पेटी करून घेतली, पहिल्याच रविवारी तिच्यात दोन किलोंची मटणाची रान (अख्खी मांडी) सहा तास ठेवली, आणि ती डांबर फासल्यासारखी काळी होऊन इतकी कडू लागली की खाणाऱ्यांच्या जिभा बधिर झाल्या. त्यावरून आपण असा निष्कर्ष काढला आहे की रॉकवूलचे अस्तर हाच मूळ दोष आहे. आपले म्हणणे असे की साध्या ड्रममध्ये असे होत नाही, चुलीवरच्या तारेला मांस टांगणाऱ्या आपल्या आज्यांना अस्तर कधी लागले नाही, आणि पेटीच हवी होती तर जुन्या फ्रिजच्या खोक्यात ती फुकटात झाली असती.

रान वाया गेली याचे मला खरोखर वाईट वाटते, आणि त्यात माझ्या लेखाचा वाटा आहे हे मी आधीच मान्य करतो. ‘तापमान ११० अंशांच्या वर जाऊ लागले की धुराड्याची झडप लावून घ्यावी’ असे वाक्य मी लिहिले होते. ते चुकीचे होते. आपण ते प्रामाणिकपणे पाळले आणि त्याचे फळ आपल्याला भोगावे लागले. अस्तरावर आपण ठेवलेला आरोपही अर्धा खरा आहे, आणि तो कोणत्या अर्थाने खरा आहे हे नीट सांगितल्याशिवाय पुढचा उपाय पटणार नाही.

लेखातील पेटी दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच आहे, म्हणजे तिचे बाहेरील क्षेत्रफळ सुमारे पावणेचार चौरस मीटर भरते. आत ११० अंश आणि बाहेर २५ अंश सेल्सिअस धरले, तर एकेरी पत्र्याच्या तेवढ्याच पेटीतून साधारण दीड किलोवॅट उष्णता निसटत राहते, आणि ती भरून काढण्यासाठी तासाला सुमारे २०० ग्रॅम लोणारी कोळसा जाळावा लागतो. दोन इंच रॉकवूल लावले की हीच गळती पाव किलोवॅटवर येते आणि कोळसा ३० ग्रॅमच्या आसपास पुरतो. हे गणित ढोबळ आहे. दाराच्या फटी आणि धुराडे यांतून जाणारी उष्णता त्यात धरलेली नाही. तरीही दोन्ही आकड्यांतील अंतर त्यामुळे बदलत नाही. मी लेखात एवढेच सांगून थांबलो होतो, की कोळसा वाचतो. खरी अडचण याच बचतीच्या पोटात आहे.

एक किलो कोळसा पूर्ण जळायला सुमारे नऊ घनमीटर हवा लागते. तासाला ३० ग्रॅम कोळसा जळत असेल तर हवा जेमतेम पाव घनमीटर आत येणार, आणि पेटीची पोकळी स्वतःच जवळजवळ अर्धा घनमीटर आहे. याचा अर्थ एकदा निघालेला धूर तासाभराहून अधिक काळ मांसाभोवती घुटमळत राहतो. त्यातच वरून झडप लावली की निखाऱ्यांना हवा मिळेनाशी होते, वर ठेवलेले लाकूड ज्योत न धरता नुसते धुमसते, आणि अर्धवट जळण्यातून निघालेला डांबरासारखा चिकट अंश पेटीतील सर्वांत थंड वस्तूवर जाऊन बसतो. आतला पत्रा अस्तरामुळे तापलेला असतो. थंड वस्तू असते ती आपली रान. जिभेला आलेला बधिरपणा हा त्याच अंशाचा परिणाम. साध्या ड्रममध्ये उष्णता वाया जाते म्हणून विस्तव मोठा ठेवावा लागतो, मोठ्या विस्तवासाठी हवा भरपूर खेळते, आणि धूर आत रेंगाळत नाही. ड्रमबद्दलचे आपले निरीक्षण म्हणूनच अगदी बरोबर आहे.

मग अस्तर काढून टाकावे का? माझे उत्तर ठामपणे ‘नाही’ असे आहे, आणि त्याचे कारण आपल्या भागाच्या हवेत आहे. जून ते सप्टेंबर बेळगावात वारा आणि भुरभुर पाऊस थांबत नाही, खानापूर तालुक्यात तर त्याहून बराच अधिक कोसळतो, आणि उघड्यावरचा ड्रम अशा दिवसांत एका सरीसरशी वीस-तीस अंशांनी खाली येतो. रानेसारखा चिवट भाग मऊ होतो तो त्यातील स्नायुबंधांचे जिलेटिन झाल्यावर. ही क्रिया सत्तर अंशांच्या आसपास नीट सुरू होते आणि तिला कित्येक तास लागतात. मांस त्या उंबरठ्यावर असताना पेटी वारंवार थंड झाली, तर वेळ लांबतो आणि ते मऊ होण्याआधीच कोरडे पडते. अस्तर ही स्थिरता देते, म्हणून ते मला हवे आहे. विस्तव मात्र अस्तराला पुरेल एवढा न ठेवता, स्वच्छ जळेल एवढा ठेवला पाहिजे.

त्यासाठी धुराडे कायम पूर्ण उघडे ठेवावे आणि तापमान फक्त हवा आत घेणाऱ्या खालच्या झडपेने सांभाळावे. दुसरे असे की निखाऱ्यांच्या वरच्या जाळीवर पाण्याचे एक रुंद पातेले ठेवावे. ते मांस ओले राहावे म्हणून ठेवतात असा समज आहे, पण अस्तराच्या पेटीत त्याचे मोठे काम वेगळेच आहे: एक लिटर पाण्याची वाफ होताना जी उष्णता खर्च होते, ती सुमारे ८० ग्रॅम कोळशाएवढी असते. म्हणजे पातेले उष्णता खाते, त्यामुळे तापमान न चढवता विस्तव मोठा ठेवता येतो आणि हवा खेळती राहते. वाचवलेला कोळसा असा मुद्दाम खर्च करणे आपल्याला विचित्र वाटेल. मलाही पहिले काही महिने ते पटत नव्हते.

लाकडाबद्दलही एक शंका येते. आपण पेरूच्या फांद्या वापरल्याचे लिहिले आहे. लाकूड उत्तम आहे, पण जांबोटीच्या हवेत छपराखाली ठेवलेले जळणसुद्धा ओल धरते, आणि ओले लाकूड जळण्याआधी उकळत असते. पेरू, आंबा किंवा चिंच यांच्या अंगठ्याएवढ्या जाड ढलप्या करून त्या आधी खडखडीत वाळवाव्यात, आणि निखारे लाल झाल्यावर एका वेळी एकच टाकावी. धुराड्यातून दिसेल न दिसेल असा निळसर धूर निघाला पाहिजे. पांढरा, दाट धूर निघत असेल तोवर मांस आत ठेवूच नये. नवी पेटी पहिल्यांदा रिकामीच तीन-चार तास तापवावी हेही मी लेखात लिहायला हवे होते, कारण नव्या पत्र्यावर तेलाचा थर असतो आणि रॉकवूलमधील चिकटद्रव्याचा वास पहिल्या तापवणीत निघून जातो.

आज्यांच्या तारेबद्दल आपण लिहिले ते वाचून मला माझ्या आजोळची चूल आठवली. पण ते काम निराळे होते. मीठ-हळद चोळलेल्या पातळ पट्ट्या तिथे दिवसच्या दिवस वाळत, त्यांना लागणारी ऊब हात धरता येईल इतकीच असे, आणि त्या पुढे रश्श्यात शिजत. टिकवणे हा त्यामागचा हेतू होता. दोन किलोंची अख्खी रान तशा उबेत टांगली तर ती शिजण्याआधी आतून नासेल.

जुन्या फ्रिजची सूचना मात्र कृपया कोणालाही करू नये. त्याच्या भिंतींत पॉलियुरेथेनचा फोम असतो आणि आतले खोके प्लॅस्टिकचे असते. ते प्लॅस्टिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि फोम पेटला तर त्यातून कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही निघतो. रॉकवूल म्हणजे दगड वितळवून काढलेले तंतू. साखर कारखान्यांत वाफेच्या नळांना तेच गुंडाळतात. त्याच्या बाबतीत एवढीच काळजी घ्यावी की सगळ्या शिवणी वेल्डिंगने बंद असाव्यात, म्हणजे तंतू अन्नात येत नाहीत. आतला पत्रा साधा लोखंडी असावा, जस्ताचा नको. बाहेरच्या बाजूला जस्ताचा चालतो, कारण तो फारसा तापत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फॅब्रिकेशनवाल्यांना हे वेगळे सांगावे लागते, नाहीतर हाताशी असेल तो पत्रा ते लावून देतात.

आपली तापमापी उकळत्या पाण्यात ९७ दाखवते म्हणून आपण ती तीन अंश वाढवून वाचत होतात, असेही आपण लिहिले आहे. तापमापी बरोबर आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे आणि इथे पाणी साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळते. जांबोटीही घाटमाथ्यावरच आहे. जे दिसते तेच खरे मानावे, फक्त तापमापी दारावर न बसवता जाळीच्या उंचीवर बसवावी.

शेवटची गोष्ट आपण सहज लिहून गेलात, पण मला तिचीच सर्वाधिक काळजी वाटते. पाऊस आला म्हणून आपण पेटी पडवीत ओढली आणि ताडपत्री सोडली. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि बंदिस्त पडवीत माणूस झोप आल्यासारखा होऊन कोसळतो. अस्तराची पेटी पावसात उभी राहू शकते, त्यासाठीच ती केलेली आहे. धुराड्यावर पत्र्याची टोपी बसवा आणि पेटी अंगणातच राहू द्या.