सांभाळण्यापलीकडचे म्हातारपण

आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापून ती पालकांना देण्याचा ठराव लातूर जिल्हा परिषदेने २०२० साली केला. तेव्हापासून सांगली-मिरजेकडच्या आमच्या नातेवाइकांत आणि चर्चच्या मंडळीतल्या लोकांत एक वाद अधूनमधून डोके वर काढतो. असा बडगा उगारल्याशिवाय मुले वठणीवर येणार नाहीत, असे एक पक्ष म्हणतो. जेथे संस्कार कमी पडले तेथे कायदा काय करणार, असे दुसरा विचारतो आणि ख्रिस्ती कुटुंबांत असे होत नाही, अशी पुस्तीही जोडतो. बर्मिंगहॅममध्ये राहून हे ऐकताना मला दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. (माझा पगार जिल्हा परिषद देत नाही, त्यामुळे ठरावाची तरफदारी करणे मला अगदीच स्वस्त पडले असते, हेही खरे.)

कायद्याला कमी लेखण्याचे कारण नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या अधिनियमामुळे साठी गाठलेल्या माणसाला निर्वाहासाठी न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते आणि सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेले घर, अट मोडली गेल्यास, परत मिळवता येते. इंग्लंडचा प्रवास मात्र उलट्या दिशेने झाला. येथे १६०१ च्या कायद्याने निर्धन आई-वडिलांना पोसण्याची जबाबदारी ऐपतदार मुलांवर टाकली होती, आणि ती जवळजवळ साडेतीनशे वर्षांनी, १९४८ साली, काढून घेण्यात आली. त्याच वर्षी सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. पेन्शन आणि मोफत उपचार यांमुळे येथील वृद्धाला औषधासाठी मुलाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे आणि आपल्याकडे तिची टिंगल करणाऱ्यांनी ती नीट समजून घ्यावी. तरीही वृद्धसदनाचा खर्च २३,२५० पौंडांहून अधिक मालमत्ता असलेल्याला स्वतःच सोसावा लागतो, त्यात कित्येकांची राहती घरे जातात. आणि २०१८ साली एकाकीपणाच्या प्रश्नाची जबाबदारी सरकारला एका मंत्र्याकडे सोपवावी लागली.

म्हाताऱ्याला कोणी सांभाळायचे, हा प्रश्न दोन्ही देशांत तावातावाने विचारला जातो. म्हाताऱ्याने काय करायचे, हा मात्र कोणी विचारत नाही. बायबलमधल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौलाने दोन्हींची उत्तरे एकत्र दिली आहेत. मुलानातवंडांनी आधी आपल्या घरच्यांचे ऋण फेडावे आणि जिला कोणी नाही त्या विधवेचा भार मंडळीने घ्यावा, हा क्रम तर त्यात आहेच. पण मंडळीच्या यादीत नोंदवायच्या विधवेचे वय साठच्या खाली नसावे, असे सांगतानाच रात्रंदिवस प्रार्थना करणारी आणि चांगल्या कामांसाठी नावाजलेली स्त्री त्याच्या डोळ्यांसमोर आहे. यादीत नाव आले म्हणजे पोटाची सोय झाली आणि कामही मिळाले.

माझी आत्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात परिचारिका होती. तिने लग्न केले नाही, त्यामुळे मुलगा-सुनेच्या या सगळ्या वादात तिला जागाच नाही. ती माझ्या चुलतभावाच्या घरी राहते. रात्री आठ वाजता घरची प्रार्थना होते आणि तेव्हा टीव्ही बंद होतो. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे टीव्ही बंद व्हावेत म्हणून रोज संध्याकाळी भोंगा वाजवावा लागतो. आमच्याकडे आत्याचा आवाज पुरतो. शास्त्रपाठ नातवंडांपैकी कोणीतरी वाचते, मग आत्या आपली रेघांची वही उघडते. कोणाची परीक्षा, कोणाचा व्हिसा, कोणाची वाढलेली शुगर, सगळे नावानिशी लिहिलेले असते आणि काम झाले की त्या ओळीवर रेघ मारून तारीख घातली जाते. ज्या दोन भावांत जमिनीवरून अबोला आहे त्यांची नावे तिने मुद्दाम एकाच ओळीत लिहिली आहेत आणि त्यांपैकी एक समोर बसलेला असला तरी ती ओळ गाळली जात नाही. ज्याची गरज घराला रोज भासते अशा माणसाला सांभाळणे ओझे वाटत नाही, असे मी म्हणणार नाही, पण ते ओझे उचलणाऱ्याला कारण सापडते.

वय झाले म्हणजे शहाणपण आलेच, हा आपल्याकडचा समज पवित्र शास्त्राला मान्य नाही. ईयोबाच्या पुस्तकात तरुण अलीहू वृद्धांच्या तोंडावर तसे सांगतो. मंडळीच्या पंचायतीत खुर्ची न सोडणारे वडीलजन आणि सातबाऱ्यावरून मुलांना झुलवत ठेवणारे बाप आम्हीही पाहिले आहेत. म्हातारपणी दुसरा तुझी कंबर बांधील आणि तुला नको तेथे नेईल, असे प्रभू येशूने आपला शिष्य पेत्र याला सांगितले. आयुष्यभर दुसऱ्यांची अंगे पुसलेल्या आत्याला घरातल्या सुनेकडून स्वतःचे अंग पुसून घेणे महिनोन्महिने जमले नाही. ती चिडली, रुसली, जेवणावर राग काढला आणि मग एके दिवशी पाण्याची बादली कोठे ठेवायची हे सुनेला मुकाट्याने सांगू लागली. हे शिकणे मला तिच्या सगळ्या पाठांतराहून अवघड वाटते, आणि एकट्याने राहण्याचा अभिमान बाळगणाऱ्या इंग्लंडमध्ये ते शिकण्याची संधी फार उशिरा येते.

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक १९१७ नंतर साताऱ्यात राहिले आणि १९१९ साली वारले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले आणि आपल्या आठवणी पुस्तकरूपाने दिल्या त्या पासष्टी उलटल्यावर. त्यांना नुसते नीट सांभाळले गेले असते, तर मराठीचे केवढे नुकसान झाले असते.

आम्हा परदेशस्थांनाही पळवाट आहेच. देवाला अर्पण केले, 'कर्बान' झाले, असे म्हणून आई-वडिलांचा वाटा नाकारणाऱ्यांना येशूने मार्काच्या सातव्या अध्यायात झापले; आमचे कर्बान म्हणजे दरमहा न चुकता पाठवलेले पैसे, जे गेले की फोन दोन मिनिटांत उरकता येतो.

मंडळीच्या आवारात निराधार वृद्धांसाठी चार खोल्या बांधाव्यात, असा विचार सध्या आमच्याकडे चालू आहे आणि वर्गणीसाठी मला विचारणा झाली आहे. मी वर्गणी देणार आहे, मात्र त्या खोल्या मागच्या कुंपणालगत न बांधता संडे स्कूलला लागून बांधाव्यात आणि तेथे राहायला येणाऱ्या प्रत्येकाकडे चार मुले व एक वही सोपवावी, असे मी पाळकसाहेबांना कळवले आहे. खोल्या तेथे बांधल्या तर मुलांची खेळायची जागा जाईल, असा त्यांचा आक्षेप आहे, आणि तो चुकीचा नाही.