‘लेकराच्या हाडात खिळा ठोकला’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू शनिवारी रात्री ओपीडी संपल्यावर वाचला. तुम्ही लिहिलंय की भाच्याला हगवण-उलट्या होत होत्या म्हणून आणलं, तर इथल्या लोकांना साधी शीर सापडेना. पाच ठिकाणी टोचलं, शेवटी नडगीत खिळा ठोकला, हाडातला मगज काढला, वरून त्याचे पैसे लावले आणि घरच्यांना हाकलून दिलं. लेकराचं नाव, गाव, केसपेपर यातलं काही मी इथे उघड करणार नाही. तुम्ही स्वतः जेवढं लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो.

घरच्यांना बाहेर काढलं हे खरं आहे. वॉर्डबॉयचा आवाज चढला होता, तो मीही ऐकला, पण हात गुंतलेले होते म्हणून गप्प बसलो. त्याहून वाईट पुढे झालं. अर्ध्या तासानं आई आत आली, तिला लेकराच्या पायात उभी सुई दिसली आणि ती कशाची हे सांगायला तिथे कुणीच नव्हतं. मी शेजारच्या खाटेवर दुसरं पोर बघत होतो. तुमच्या बहिणीची मी माफी मागतो, आणि समोर आल्यावरही मागेन.

आता पाच वेळा टोचल्याचं. तुमचा राग हाडातल्या सुईवर आहे, माझा राग तिच्या आधीच्या टोचण्यांवर आहे. दोन्ही हात, पाऊल, पुन्हा हात, मग डोक्याची शीर. लेकरू इतकं गळालेलं असताना दीड-दोन मिनिटांत शीर मिळाली नाही तर सरळ हाडाकडे वळायचं, असंच आम्ही शिकलोय. तरी ‘आता मिळेल, आता मिळेल’ करत राहिलो. सुई हाडात घातली ही चूक नव्हती. ती उशिरा घातली ही चूक होती.

शीर का मिळत नव्हती ते तुम्हाला शेतातल्या उदाहरणानं सांगतो. मोटार बंद झाली की लपेटा पाईप पट्टीसारखा चपटा होतो. बोअरचा केसिंग पाईप मात्र आत पाणी नसलं तरी गोलच राहतो. अंगातलं पाणी हगवणीत निघून गेलं की हातापायाच्या शिरांचं तसंच होतं, चपट्या होऊन चिकटतात. टाळू खचलेली, डोळे खोल गेलेले, पाय गुडघ्यापर्यंत गार, असं लेकरू तोंडानं ओआरएससुद्धा घेत नाही. पण हाडाच्या आत मगजात ज्या बारीक रक्तवाहिन्या असतात त्यांना चारी बाजूंनी हाडाचा आधार असतो, म्हणून त्या मिटत नाहीत. तिथे सोडलेलं सलाईन काही सेकंदांत हृदयाकडे पोचतं. शिरेतून देतो ती बहुतेक सगळी तातडीची औषधंही तिथून देता येतात.

खिळा नाही आणि हातोडाही नाही. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा लागतो. त्याच्या बोटभर खाली, आतल्या अंगाला सपाट जागा असते. तिथे जाड सुई हातानंच पिळत-पिळत दाबायची, टोक गुडघ्यापासून दूर, जरासं तळपायाकडे झुकवून, कारण गुडघ्याजवळ हाड वाढण्याचा थर असतो आणि त्याला धक्का लागू द्यायचा नसतो. आधी कडक लागतं, मग एकदम हात मोकळा होतो. सुई सोडून दिली तरी ताठ उभी राहते. आईला दिसली ती हीच. ती तशी उभी राहणं ही ती बरोबर बसल्याची खूण असते, पण बघणाऱ्याला ते भयंकर वाटणार हे मला मान्य आहे.

मगज काढून घेतला म्हणता, ते सिरिंजमध्ये ओढलेले लाल थेंब. सुई आत पोचली का हे त्यावरून कळतं, आणि त्याच थेंबावर रक्तातली साखरही तपासता येते. त्यानंतर सिरिंजनं आर.एल. (रिंगर लॅक्टेट, एक प्रकारचं सलाईन) ढकलायचं. किलोला 20 मिली हा हिशोब, म्हणजे 7 किलोच्या लेकराला पहिल्या झपाट्यात 140 मिली. नुसती बाटली टांगून ते इतक्या वेगानं जात नाही, म्हणून सिस्टर तिथे बसून हातानं ढकलत होत्या. थोड्या वेळानं हातावर शीर वर आली, सलाईन तिकडे लावलं आणि पायातली सुई काढली. ती तशीही 24 तासांच्या आत काढायचीच असते.

‘लेकरावर प्रयोग केला’ हे वाक्य मात्र मला लागलं. हाडात टाकलेलं द्रव रक्तात मिसळतं हे 1922 पासून माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना छातीच्या हाडातून असंच सलाईन-रक्त दिलं गेलं. पुढे शिरेत ठेवायच्या प्लास्टिकच्या सुया आल्या आणि ही पद्धत मागे पडली. ती परत आली त्यात आपल्या देशाचाही वाटा आहे. जेम्स ऑर्लोव्स्की नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी कॉलऱ्याच्या साथीत ती इथे भारतात पाहिली आणि 1984 मध्ये तिच्या बाजूनं लेख लिहिला.

धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. हाडात पू होऊ शकतो, शंभरात एकापेक्षाही कमी जणांना, पण होऊ शकतो. सुई सरकली तर पोटरी सुजते. त्या जागी लाली, सूज, ताप दिसला किंवा पोर पाय टेकवेना, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी घेऊन या. नुसता निळसर डाग असेल तर तो आपोआप जातो. भोक भरून येतं.

बिलात ‘बोन मॅरो नीडल’, म्हणजे हाडाच्या मगजाची सुई, असं छापलंय, त्यामुळे गैरसमज होणारच. आमच्याकडे तीच सुई असते, म्हणून तेच नाव छापलं गेलं. ही ओळ आता ‘हाडातून सलाईन’ अशी केली आहे. तुमचे त्या ओळीचे पैसे काउंटरवर काढून ठेवलेत. रिव्ह्यू काढा असं मी म्हणत नाही.

संध्याकाळी सहानंतर बहिणीला आणि लेकराला घेऊन या. पाय तपासतो, गरज वाटली तर एक्स-रे काढू, त्याचे पैसे नाहीत. गुरुवारी बाजारामुळे गर्दी असते, तेवढा वार सोडून.